जकात नाक्यावरची मरीमाय

मी उभा जन्म लोकांच्या आरोग्यावर लिहिलं आणि माझं स्वतःचं कधी धड राहिलं नाही. रागीट माणसाला वर्तमानपत्रात दुसरं काहीही द्यावं, आरोग्य खातं देऊ नये. त्याचं पित्त खवळतं, आणि खात्याला त्याचं काही नसतं.

हे खातं माझ्या गळ्यात कसं पडलं ते ऐका. अकोल्याला एका साप्ताहिकात मी नवा लागलो तेव्हा संपादक पुण्याकडचे होते. माझं बोलणं ऐकलं की त्यांना वाटे, हा भांडतो आहे. मी नुसतं पाणी मागितलं तरी ते खुर्ची मागे सरकवत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्हाला हिवताप येऊन गेलाय ना?" म्हटलं, "दोनदा." "मग आरोग्याचं तुम्हीच पाहा." मी म्हटलं, "मले राजकारणावर लिहायचं हाये." तेव्हा नव्या कायद्याने आरोग्याचं खातं आपल्या निवडून आलेल्या लोकांच्या हाती नुकतंच आलं होतं, नागपूरला आपलाच मंत्री बसला होता. संपादक म्हणाले, "आता दोन्ही एकच झालंय." हे ते चेष्टेने म्हणाले की खरंच, ते मला अजून कळलेलं नाही. पण बोलले ते सोळा आणे खरं होतं.

माझी पहिली मोठी बातमी बाळापूरकडच्या एका गावची. दवाखान्याचं उद्घाटन करायला मंत्री येणार होते. स्वागत मंडळाने आदल्या दिवशी दवाखान्यातले खरे रोगी घरी पाठवून दिले, कारण ते कण्हत होते आणि भाषणात व्यत्यय आला असता. त्यांच्या जागी तालमीतले दहा-बारा गडी पांढऱ्या चादरी घेऊन खाटांवर निजवले. मंत्री एका खाटेपाशी थांबले, डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "काय होतंय बाबा?" गडी उठून बसला आणि हात जोडून म्हणाला, "ते काई सांगतलं नाई जी मले." मी जसंच्या तसं छापलं. पुढच्या आठवड्यात मी अकोल्यात नव्हतो.

अमरावतीच्या एका पत्राने मला घेतलं, पण कचेरीत बसवलं नाही. अमरावती-अकोला रस्त्यावरच्या एका कसब्यात वार्ताहर म्हणून धाडलं. त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथल्या कमेटीतल्या लोकांची नातवंडं अजून मला लग्नाची बोलावणी धाडतात, आणि मला लग्नातलं जेवण आवडतं. गावाला स्वतःची म्युनिसिपल कमेटी होती, कमेटीला अध्यक्ष होता, एक आरोग्याचा डॉक्टर होता, आणि चारी रस्त्यांवर चार जकात नाके होते. गावाची हद्द संपली की डिस्ट्रिक्ट कौन्सिलचं राज्य सुरू. कमेटी आणि कौन्सिल यांचं आपसात विळ्याभोपळ्याचं सख्य. कमेटीचा अध्यक्ष आणि कौन्सिलचा आमच्या भागातला सभासद नागपूरच्या एकाच निवडणुकीत एकमेकांसमोर उभे राहिले होते, आणि गंमत अशी की दोघंही पडले होते. तरी वैर कायम.

खेड्यात पटकी, म्हणजे कॉलरा, लागली तर काय करायचं याची एक रीत ठरलेली होती. पाटलाने कोतवालाच्या हाती चिठ्ठी द्यायची. ती तहसिलीत जाई, तिथून सिव्हिल सर्जनकडे, तिथून कौन्सिलकडे. कौन्सिलने आपल्या डॉक्टरला हुकूम काढायचा, आणि डॉक्टरने विहिरीत टाकायची लाल दवा घेऊन गावात जायचं. याला पंधरवडा लागे. तोवर रोगी बरा तरी झालेला असे, नाहीतर सुटलेला. डॉक्टर पोचून लिहीत, "सध्या गावात एकही रोगी नाही." आणि खरंच नसे हो! सरकारात कोणी खोटं लिहीत नाही, हे समजायला मला फार दिवस लागले. मी उगाच खोटेपणा शोधत हिंडत होतो.

आमच्या दारी एक माळीण भाजी घेऊन येई. पन्नाशीची असेल, तोंडाची फटकळ, मापाची सढळ. पश्चिमेच्या नाक्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर, तिची वाडी होती. माळ्यांची पंधराएक घरं, वांग्या-मुळ्याचे वाफे, थोडा झेंडू, आणि मधोमध एकच विहीर. नाक्यावर उभं राहिलं की विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाया दिसत. पण नाका कमेटीचा आणि विहीर कौन्सिलची.

त्या वर्षी वैशाखात ती एके सकाळी आली ती टोपली खाली न ठेवताच बोलू लागली.

"भाऊ, तुमी पेपरात लेहिता ना? मंग माह्या सुनेचं लेहा. कालपासून हगवन-उलटी लागली हाये पोरीले. डोये आत गेले तिचे. वाडीत आनखी तिघं पडले हायेत."

मी म्हटलं, "अवो, मग पाटलाले सांगा. चिठ्ठी धाडन तो."

"पाटील म्हनते, वाडीत रोग लेहेला तं नाक्यावर भाजी अडवतीन. मंग खासान काय? अन् म्हनते, आपुन गाडा लोटून देल्ला, आता रोग कुठी राह्यला?"

"कोणता गाडा?"

"मरीमायचा. आज पहाटेच लोटला." मग तिने टोपली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी लेहा भाऊ. तुमची वळख हाये मोठ्या लोकाइशी. त्या विहिरीत दवा टाकून द्या म्हना. आन् डाक्तर पाठवा. माही सून वाचली पायजे."

मी म्हटलं, "लिहितो." अगदी मनापासून म्हटलं. तिने मला त्या दिवशी मेथीची एक जुडी वरून दिली, नको म्हटलं तरी.

गाड्याची रीत नवीन पिढीला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. पटकी आली की गावकरी लाकडाचा लहानसा गाडा करत. त्यावर मरीमाय बसवत, हिरवा खण, बांगड्या, लिंबं, नारळ ठेवत, एक जिवंत कोंबडी बांधत, आणि सगळं गाव मिळून गाडा शिवेपार लोटून येई. येताना मागे वळून पाहायचं नाही. देवी गेली, रोग गेला. आता शिवेपार म्हणजे शेजारच्या गावात. ते गाव सकाळी उठून पाही तर आपल्या शिवारात दुसऱ्याची मरीमाय! मग तेही घाईघाईने नवी बांगडी, नवा नारळ चढवी आणि पुढच्या शिवेपार लोटून देई. असा हा गाडा रस्त्याने गावोगाव पाहुणचार घेत अकोल्याकडून आमच्या दिशेने येत होता, आणि दर मुक्कामी अधिक श्रीमंत होत होता. वाडीने त्याला शेवटचा धक्का दिला. त्यांची शिव जिथे संपत होती तिथे आमचा जकात नाका होता.

मी आधी आरोग्याच्या डॉक्टरकडे निघालो होतो हे मी शपथेवर सांगतो. पण वाटेत नाका लागला.

नाकेदार हा फार नेकीचा माणूस. गाडा आडव्या बांबूला येऊन टेकला होता आणि नाकेदार त्याच्याभोवती यादी घेऊन फिरत होता. नारळ जकातीला पात्र. खण पात्र. कोंबडी पात्र. हळद तोळ्यावर. पण भरणार कोण? मालक नाही. मालकाशिवाय माल आत सोडता येत नाही, आणि नाक्यावर आलेला माल नोंद केल्याशिवाय परत लोटता येत नाही. मी म्हटलं, "लोटून द्या ना मागे, कोण पाहते?" त्याने कानाला हात लावले. "मरीमायले मागं लोटू? लेकराबाळाचा धनी हावो मी." आत घ्यायला नियम आडवा, मागे लोटायला देवी आडवी. शेवटी त्याने कोंबडी सोडून सावलीत बांधली, तिला दाणे टाकले, आणि अध्यक्षांना चिठ्ठी लिहिली.

मी डॉक्टरकडे गेलो. भला माणूस होता, पण नोकरीला जपून. मी वाडीचं सांगितलं. तो म्हणाला, "माझी हद्द नाक्यापर्यंत. पलीकडे मी पाय टाकला तर कौन्सिल तक्रार करेल." म्हटलं, "कौन्सिलचा डॉक्टर?" "तो कौंडण्यपूरकडे दौऱ्यावर." "मग वाडीत पटकी आहे एवढं तरी लिहून द्या." "पाटलाचा रिपोर्ट नाही, मी कशावरून लिहू?" "नाक्यावर मरीमायचा गाडा उभा आहे, तो काय वरातीला आला आहे?" तो विचारात पडला. म्हणाला, "गाडा वाडीतून बाहेर आला, म्हणजे त्यांच्या समजुतीने रोग वाडीत नाही. गाडा नाक्याच्या आत आला नाही, म्हणजे रोग आमच्याकडेही नाही." मी विचारलं, "मग रोग आहे कुठे?" तो म्हणाला, "नाक्यावर."

माझं डोकं भणाणलं. पण खरं सांगतो, डोक्याबरोबर हातही शिवशिवू लागले. असं काही रोज मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी कमेटीची तातडीची सभा भरली. एका सभासदाचं म्हणणं, देवी कौन्सिलच्या हद्दीतून आली, तिला कौन्सिलने न्यावं. अध्यक्षांनी तसं पत्र धाडलं. कौन्सिलच्या सभासदाचं उत्तर त्याच दुपारी आलं, की देवी आपल्या नाक्यास टेकलेली असल्याने ती आपल्या हद्दीत दाखल झाली आहे, कौन्सिलचा संबंध संपला. कमेटीने उलट लिहिलं, की जकात भरल्याशिवाय कोणीही दाखल झालं असं धरता येत नाही. तोवर नाकेदाराकडून दुसरी चिठ्ठी आली. कोंबडीने अंडं दिलं होतं. ते हद्दीच्या बाहेर दिलं की आत, आणि त्याची नोंद वेगळी करावी की कोंबडीतच धरावी, याबद्दल हुकूम व्हावा.

तिसऱ्या दिवशी खास अंड्यासाठी सभा भरली. मी समोरच्या बाकावर बसून सगळं टिपून घेत होतो. चांगले शिकलेले, वकिली करणारे लोक दोन तास बोलले. एकाने विचारलं, कोंबडी आजारी नाही कशावरून? डॉक्टरला बोलावून कोंबडी तपासून घेतली. डॉक्टरने प्रकृती ठणठणीत असल्याचं लिहून दिलं. त्या कसब्यात त्या आठवड्यात डॉक्टरने तपासलेला तो एकच जीव. हे वाक्य मला तिथेच बसल्या बसल्या सुचलं आणि मी खूश झालो.

माळीण त्या तीन दिवसांत आली नाही. मला आठवण झाली नाही असं नाही. झाली, पण मी मनात म्हटलं, गाड्याबद्दल छापून आलं की आपोआप सगळं हलेल, वाडीचंही हलेल. अडीच रकाने लिहिले, मोटारीने अमरावतीला धाडले. अंक निघाला आणि काय सांगू! संपादकांनी तार केली, "जास्त प्रती काढल्या." बाजारात पेपर मोठ्याने वाचला जात होता. हजामाच्या दुकानात एक गिऱ्हाईक हसता हसता कापून घेऊन बसलं. नागपूरहून कळलं, की मंत्र्यांनी तो चहाच्या वेळी पाहुण्यांना वाचून दाखवला. त्यापुढे मला सगळीकडे आरोग्य विषयातला जाणकार म्हणू लागले. माझं सगळं नाव त्या एका कोंबडीवर उभं आहे.

हसू झालं म्हणून कमेटी चिडली आणि चिडून कामाला लागली. ठराव झाला, की पश्चिम नाक्यावर बाहेरून जे काही येईल त्याचं निर्जंतुकीकरण डॉक्टरने तिथल्या तिथे करावं. डॉक्टर लाल दवेचा डबा आणि पाण्याचं टिपाड घेऊन नाक्यावर बसला. पहिला मान गाड्याचा. मरीमायला लाल पाण्याने आंघोळ घातली. मग नारळाला, खणाला. कोंबडी हाताला लागेना, तिच्यावर नुसतं शिंपडलं. अंडं बुचकळलं. मग येणाऱ्या-जाणाऱ्याची भाजी बुडवायला सुरुवात झाली. मुळे जांभळे झाले. वांग्यांचं काही बिघडलं नाही. सगळी दवा नाक्यावर खपत होती, आणि विहीर तिथून दिसत होती.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो वाडीच्या बाया डोक्यावर घागरी घेऊन नाक्यावर रांगेत उभ्या. सर्वांत पुढे माझी माळीण. डॉक्टरने विचारलं, "हे काय?"

"पानी हाये जी. विहिरीचं."

"गावात कशाला आणलं?"

"आनलं. तुमचा ठराव हाये ना, बाह्यरून जे येईन त्याच्यात दवा टाकायची? मंग टाका."

डॉक्टरने नाकेदाराकडे पाहिलं. नाकेदाराने यादी पाहिली. पाणी यादीत नव्हतं. पण ठरावात "जे काही" असं होतं. डॉक्टरने घागरीत चिमूट टाकली. माळणीने घागर उचलली, वळली, वाडीकडे गेली आणि विहिरीत ओतून परत आली. नाक्यातून बाहेर जाणाऱ्या मालावर जकात नव्हती, त्यामुळे नाकेदाराला बोलायला जागा नव्हती. तिसऱ्या खेपेला डॉक्टरला उमगलं.  तो चिमटीच्या जागी मूठ घालू लागला. दुपारपर्यंत पंधरा घरच्या बाया रिकामी घागर भरून आणत होत्या आणि भरलेली विहिरीत रिती करत होत्या. विहिरीचं पाणी विहिरीतच जात होतं, मधे फक्त सरकारी कामकाज होत होतं. मी पोट धरधरून हसलो. रांगेत माळीण जवळून गेली तेव्हा ओरडून विचारलं, "सून कशी हाये?" तिने ऐकलं नसावं असं मला वाटलं. तिच्या डोक्यावर घागर होती.

वाडीत त्यानंतर नवीन कोणी पडलं नाही. गाडा एका सकाळी नाक्यावरून नाहीसा झाला. नाकेदाराने लोटला असं कोणी म्हणत नाही. तालुक्यात पटकीची एकही नोंद झाली नव्हती, तसं सरकारी पत्रक निघालं, आणि मीच ते छापायला पाठवलं.

आठ-दहा दिवसांनी माळीण दारात आली. टोपलीत भाजी होती आणि भाजीवर चुरगाळलेला आमचा अंक.

"भाऊ, हे वाचून दाखवा. बजारात लोक लय हासून राह्यले होते. म्हने तुमच्या वाडीचं आलं हाये."

मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. मी तिला ओसरीवर बसवलं आणि आवाज काढकाढून वाचलं. नाकेदाराचा वेगळा, अध्यक्षांचा वेगळा. अंड्यापाशी ती हसली. पदर तोंडाला लावून चांगली हसली. "बाप्पा बाप्पा," म्हणाली, "येवढे मोठाले लोक!" कोंबडीच्या तपासणीपाशीही हसली. मी शेवटची ओळ वाचून कागद खाली ठेवला. ती तशीच बसून राहिली.

"सरलं?"

"सरलं."

"अन् तिचं कोठी हाये?"

"कोणाचं?"

"माह्या सुनेचं. म्या सांगतलं होतं ना भाऊ तुमाले. लेहितो म्हने तुमी."

 मी विचारलं, "कशी आहे आता?"

"गेली ना ते. तिसऱ्या दिवशीच गेली, दोपारी. तुमची ते अंड्याची मीटिंग भरली होती ना, तवा. पोरगं दोनदा कमेटीत डाक्तरले पाहून आलं. लोक म्हने, डाक्तर कोंबडी तपासून राह्यला, थांब."

मी त्या सभेत होतो. दाराशी कोणी येऊन गेलं असेल तर माझी पाठ त्याच्याकडे होती. मला लाज वाटली, इतकी की मान वर होईना. मी म्हटलं, "मी लिहितो. या अंकात लिहितो. शपथ घेतो तुमची."

ती उठली. टोपली सावरली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं.

"लेहा भाऊ. पन असंच लेहा, कोंबडीवानी. लोकाइनं वाचलं पायजे."

मी बसलो लिहायला. दोन दिवस बसलो. कोंबडीसारखं मला लिहिता आलं नाही. जे लिहिलं त्यातलं संपादकांनी बरंचसं काढलं, कारण पटकीची नोंद नव्हती आणि पत्रक आपणच छापलं होतं. चार ओळी राहिल्या. शेवटच्या पानावर आल्या. त्या वाचल्याचं मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.